हॉवर्थचे चर्च आणि ब्रॉन्टे निवास : जतनाची एक चिकित्सा

इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यातील हॉवर्थ या डोंगराळ गावी चर्च, दफनभूमी, १८३२ साली बांधलेली रविवारची शाळा आणि धर्मगुरूंचे निवासस्थान या वास्तू परस्परांच्या सान्निध्यात उभ्या आहेत. त्यांपैकी निवासस्थान १९२८ पासून संग्रहालय म्हणून जतन केले गेले आहे. शार्लट, एमिली व अ‍ॅन ब्रॉन्टे या भगिनींचे बरेचसे लेखन येथे झाले. त्यामुळे अभ्यासक या वास्तूकडे केवळ ‘लेखिकांचे घर’ म्हणून पाहतात. ही दृष्टी अपुरी आहे, असे प्रस्तुत लेखात प्रतिपादन करावयाचे आहे.

१७७८-७९ मध्ये बांधलेले हे घर ब्रॉन्टे कुटुंबाच्या मालकीचे कधीच नव्हते. पॅट्रिक ब्रॉन्टे १८२० साली येथे धर्मगुरू म्हणून आले आणि पदासोबत त्यांना हे छप्पर मिळाले. पद संपताच छप्परही जाणार होते. याच घरात शाळा काढण्याचा भगिनींचा बेत १८४४ मध्ये विद्यार्थिनींअभावी फसला. अ‍ॅनच्या ‘अ‍ॅग्नेस ग्रे’ (१८४७) या कादंबरीत धर्मगुरू पित्याच्या निधनानंतर मायलेकींना शाळा चालवून उदरनिर्वाह करावा लागतो. ही केवळ कल्पना नव्हे, त्या घरातील नित्याची चिंता होय.

प्रत्यक्षात सहाही अपत्ये पित्याआधी निवर्तली. १८६१ मध्ये पॅट्रिक यांचे निधन झाले; त्यांचे सहायक व जावई आर्थर बेल निकल्स यांना ते पद मिळाले नाही आणि घरातील सामानाचा लिलाव झाला.

पुढे १८७९ मध्ये मनोरा वगळता जुने चर्चही पाडण्यात आले. नवे १८८१ मध्ये सिद्ध झाले. ज्या चर्चसाठी घर बांधले गेले ते नष्ट झाले, घर मात्र राहिले. परिणामी पॅट्रिक यांचे कार्यही विस्मृतीत गेले. गावाच्या आरोग्याच्या चौकशीसाठी त्यांनी पाठपुरावा केला होता. १८५० च्या बॅबेज अहवालानुसार येथील ४१.६ टक्के मुले सहा वर्षांची होण्यापूर्वीच दगावत. हे मरण घराच्या खिडकीसमोरच्या दफनभूमीत रोज दिसत होते.

तात्पर्य, वास्तू जतन करताना तिचे मूळ प्रयोजनही जपले पाहिजे. अन्यथा ब्रॉन्टे भगिनींच्या कादंबऱ्यांतील निराधारपणा हा निव्वळ स्वभावधर्म वाटतो आणि त्यामागील सामाजिक वास्तव वाचकाच्या दृष्टीआड होते.