कामीय क्लोदेलची शकुंतला

फ्रेंच शिल्पकार कामीय क्लोदेल (१८६४–१९४३) हिचें नांव आतां विस्मृत राहिलेलें नाहीं. १९८० नंतरच्या दशकांत तिच्यावर पुस्तकें निघालीं, १९८८ मध्यें चित्रपट झाला, आणि २०१७ मध्यें नोजाँ-सुर-सेन या गांवीं तिच्या नांवाचें संग्रहालयही उघडलें. तथापि या पुनःशोधाविषयीं आमची एक तक्रार आहे. शोध लागला तो तिच्या दुर्दैवाचा. तिच्या कलेचा अद्याप पुरता लागावयाचा आहे.

दुर्दैवाची कथा थोडक्यांत सांगतां येते. रोदँची ती शिष्या, सहकारी आणि प्रेयसी होती. पुढें ताटातूट झाली. १९१३ च्या मार्चमध्यें, वडील वारल्यास पंधरा दिवसही झाले नसतां, घरच्यांनीं तिला वेड्यांच्या इस्पितळांत ठेवलें. तीस वर्षांनीं तशाच दुसऱ्या इस्पितळांत तिचा अंत झाला. भाऊ नामांकित कवि व राजदूत. आई तर एकदांही भेटीस गेली नाहीं. हें वाचून कोणाचेंही मन द्रवेल. पण द्रवलेल्या मनानें शिल्प पाहूं गेलें कीं त्यांत रोदँवांचून दुसरें कांहीं दिसेनासें होतें.

म्हणून तिची ‘शकुंतला’ पाहावी. १८८८ च्या पॅरिस येथील सालोंमध्यें हिला सन्माननीय उल्लेख मिळाला. शकुंतला म्हटली कीं आम्हां लोकांच्या डोळ्यांपुढें रविवर्म्याची, पायांतील कांटा काढण्याच्या मिषानें मागें वळणारी मुग्धा उभी राहते. क्लोदेलनें पुनर्मीलनाचा क्षण घेतला आहे. दुष्यंत गुडघे टेकून तिला कवटाळतो आहे. ती डोळे मिटून त्याच्यावर ओणवली आहे, एक हात स्वतःच्या उरावर, दुसरा सैल सोडलेला. कालिदासाची शकुंतला पायां पडलेल्या राजास उठावयास सांगते आणि दोष आपल्या पूर्वकर्मास देते. येथें तो अद्याप उठलेला नाहीं, आणि त्याचा अपराध तिनें आपल्या माथीं घेतलेला नाहीं. रोदँनें पुढें ‘शाश्वत मूर्ति’ घडविली. तींतही पुरुष गुडघ्यांवर आहे, पण त्याचे हात पाठीमागें आणि स्त्री अलिप्त, जणूं देव्हाऱ्यांतली. क्लोदेलची स्त्री देवता नव्हे. तिचा तोल गेला आहे, आणि ज्यानें तिला टाकलें त्याच्याच आधारानें ती सांवरली आहे. हें गुरूकडून आलेलें नाहीं.

१९०५ मध्यें याच शिल्पाच्या संगमरवरी प्रतीस रोमन देवतांचीं नांवें मिळालीं आणि ब्राँझच्या प्रतीस ‘आबांदाँ’. या फ्रेंच शब्दांत समर्पण आणि परित्याग असे दोन्ही अर्थ आहेत. शब्द चतुर खरा. आम्हांस मात्र मूळचेंच नांव अधिक योग्य वाटतें. शकुंतला म्हटल्यावर त्या गुडघे टेकलेल्या पुरुषानें पूर्वीं काय केलें होतें, तें निराळें सांगावें लागत नाहीं.