कोल्विट्स यांच्या मुद्राचित्रांतील स्त्रीचे हात

केटे कोल्विट्स (१८६७–१९४५) ह्या जर्मन मुद्राचित्रकर्तीविषयी लिहिताना ‘दुःखी मातांची चित्रकर्ती’ हे विशेषण टीकाकारांच्या लेखणीवर सहज येते. ते खोटे नाही. परंतु त्यामुळे ह्या चित्रांतील स्त्री केवळ सोसणारी आहे असा जो ग्रह होतो, तो चित्रे नीट पाहिली असता टिकत नाही. ही स्त्री बहुधा काही तरी करीत असते, आणि जे करते ते हातांनी. तिचा चेहरा पुष्कळदा झाकलेला, वळलेला किंवा अंधारात बुडालेला असतो. तेव्हा तिचा विचार हातांवरून करणेच अधिक युक्त होय.

बर्लिनच्या कामगारवस्तीत पती डॉ. कार्ल कोल्विट्स यांच्याकडे उपचारांसाठी येणाऱ्या बायका केटे यांच्या नित्य पाहण्यात असत. १८९८ पासून काही वर्षे त्यांनी तेथील स्त्रियांच्या कलाशाळेत शिकविले; अकादमीच्या शाळेचे दरवाजे त्या काळी स्त्रियांना बंद होते. त्याच प्रशियन अकादमीने १९१९ मध्ये त्यांना सदस्यत्व दिले व १९२८ मध्ये मुद्रणकलेचा विशेष वर्ग त्यांच्याकडे सोपविला. १९३३ मध्ये नाझी राजवटीत दोन्ही गेले.

‘शेतकऱ्यांचे युद्ध’ ही सात अम्लरेखनांची मालिका (१९०२–०८) सोळाव्या शतकातील जर्मन बंडावर आधारलेली आहे. तिच्यातील ‘उठाव’ हे चित्र आधी पूर्ण झाले. त्यात काळी ॲना पाठमोरी उभी आहे. तिचे दोन्ही हात वर गेले आहेत, बोटे हाडकुळी व ताणलेली आहेत, आणि त्या हातांच्या इशाऱ्यासरशी शेतकऱ्यांचा लोंढा धावत सुटला आहे. तिचा चेहरा प्रेक्षकाला दिसत नाही. त्याची गरजही भासत नाही. मालिकेच्या अनुक्रमात मात्र ह्या चित्राच्या आधी एक वेगळे चित्र येते. तुडविलेल्या बागेत एक स्त्री उताणी पडली आहे. त्याचे जर्मन शीर्षक म्हणजे एकच कर्मणी धातुसाधित आहे: जिच्यावर बलात्कार झाला ती. कर्त्याचा निर्देश शीर्षकात नाही आणि चित्रातही नाही. त्यानंतरच्या चित्रातील स्त्री जवळजवळ मिटल्या डोळ्यांनी पात्याला धार लावते, आणि पुढे ॲनाचे हात उठतात. कर्माची जागा सोडून स्त्री कर्त्याच्या जागी येते, ती अशी पायरीपायरीने. ही योजना कथानकापुरती नाही; ती देहाच्या मांडणीतच आहे. पडलेली स्त्री कागदावर आडवी, धार लावणारी वाकलेली, ॲना ताठ.

लढाईनंतरच्या रात्री एक म्हातारी कंदील घेऊन प्रेतांत हिंडते. खाली वाकून ती एका तरुणाच्या मुखाला स्पर्श करते, आणि उजेड पडतो तो तिच्या हातावर. हे चित्र १९०७ चे. त्याआधी, १९०३ मध्ये, ‘मृत बालकासह स्त्री’ काढताना कोल्विट्स यांनी सात वर्षांच्या पेटरला कुशीत घेऊन, आरशात पाहून स्वतःचेच रेखाटन केले होते.

ऑगस्ट १९१४ मध्ये पेटरला सैन्यात स्वेच्छेने भरती व्हायचे होते. तो सज्ञान नसल्याने वडिलांची संमती आवश्यक होती. कार्ल यांचा विरोध होता. पेटरची बाजू घेऊन त्यांचे मन वळविले ते आईनेच. ऑक्टोबरमध्ये तो बेल्जियममध्ये मारला गेला.

चरित्रावरून चित्राचा अर्थ लावणे हा समीक्षेतला सोपा व धोक्याचा मार्ग आहे. तथापि येथे चित्रेच तिकडे बोट दाखवितात. बार्लाख यांचे काष्ठठसे पाहून कोल्विट्स १९२० नंतर त्या माध्यमाकडे वळल्या. ‘युद्ध’ मालिकेतील पहिल्या ठशाचे नाव ‘बलिदान’ (१९२२). विवस्त्र आई डोळे मिटून तान्हे मूल दोन्ही हातांनी पुढे धरते आहे. हे मूल तिच्याकडून कोणी हिसकावून घेत नाही. ती स्वतःच ते देते आहे. पुढच्या ठशात तरुणांच्या अग्रभागी ढोल वाजवीत मृत्यू चालतो; चेतविणाऱ्या ॲनाची जागा आता त्याने घेतली आहे. ‘माता’ ह्या ठशात स्त्रियांच्या देहांच्या कडा काळ्या रंगात विरून जातात, आणि वेगळे ओळखू येतात ते चेहरे व एकमेकींना आणि मुलांना घट्ट धरणारे हात. अम्लरेखनातील बारीक छटा येथे निकामी ठरल्या असत्या.

१९२४ च्या युद्धविरोधी भित्तिपत्रकात उंचावलेला हात पुन्हा दिसतो हे खरे. परंतु तो तरुणाचा आहे, आणि शपथेसाठी उठला आहे. शिवाय भित्तिपत्रकाला एका दृष्टिक्षेपात बोलून मोकळे व्हावे लागते. ‘बलिदान’मधील दुहेरीपणा त्यात मावणारा नव्हता.

‘बियाणे दळू नये’ हे त्यांचे अखेरचे शिलामुद्रण (१९४१–४२). शीर्षक गटे यांच्या लेखनातून घेतलेले आहे. वृद्ध आईने तीन मुलांवर आपले हात पसरून त्यांना अंगाखाली घेतले आहे. पक्षिणीच्या पंखांची आठवण येथे कोणालाही होईल. पण ती उपमा पुरेशी नाही. पिले पंखांखाली निमूट राहतात. ही मुले बाहेर डोकावीत आहेत, त्यांना निसटायचे आहे, आणि हातांना झाकण्याइतकेच दाबून धरण्याचेही काम पडते. १९१४ मध्ये ज्या हातांनी वाट मोकळी केली होती, तेच येथे ती अडवितात. चित्र पूर्ण झाले त्याच वर्षी, सप्टेंबर १९४२ मध्ये, काकाचे नाव लावणारा त्यांचा नातू पेटर रशियाच्या आघाडीवर पडला.