गावापेक्षा सभागृह मोठे

वास्तुकलेवर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच, की मी गेली वीस वर्षं एका गळक्या इमारतीत बसून लोकांच्या पैशाचा हिशेब लिहितो आहे. त्या बळावर मेस्टलिनच्या संस्कृतिभवनाला चार शब्द सुनवावेत असं ठरवलं होतं.

मेस्टलिन हे जर्मनीच्या मेक्लेनबुर्ग भागातलं खेडं. पूर्व जर्मनीच्या समाजवादी सरकारने ते 'आदर्श गाव' म्हणून निवडलं. शाळा, दवाखाना, दुकानं झाली आणि १९५२ ते १९५७ या काळात चौकात हे भवन उभं राहिलं. रंगमंच, भलंमोठं सभागृह, थाट राजवाड्याचा! हँबर्गच्या भाच्याने फोटो पाठवले, तेव्हा आमची सौ. म्हणाली, "अहो, हे मंगल कार्यालय का?"

तिचं चुकलं नाही. आजूबाजूची गावं धरली तरी हे अंगरख्यापेक्षा बाही लांब असं प्रकरण. आमच्या खात्यात असलं कर्ज मंजूर झालं नसतं.

पण हा थाट आला कुठून? या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या वाडा असे तो जमीनदाराचा. १९४५ च्या जमीन सुधारणेत शंभर हेक्टरांवरच्या जमीनदाऱ्या गेल्या. मग शेतमजुरासाठी बांधताना वाड्याचाच रुबाब उचलला, फक्त दरवाजा उलट्या माणसासाठी उघडला. आत काय दाखवायचं हे मात्र वरून ठरे. तेवढा दोष मी खात्यात लाल शाईने लिहितो.

१९९० मध्ये सरकारच गेलं. सांस्कृतिक कामकाज बंद पडलं आणि सभागृहात डिस्को आला. समाजवादाला जे बत्तीस-तेहतीस वर्षांत जमलं नाही, ते त्याने पाच-सहा वर्षांत केलं : इमारतीची पार दैना! १९९६ नंतर नुसते कुलूप. बुडीत खातं म्हणून मी रेघ मारणार, तोच भाच्याने कळवलं, की २००८ मध्ये एक संस्था निघाली, ती दुरुस्ती करते, कार्यक्रमही करते.

रेघ मारायचं राहिलं, ते दुसऱ्याच कारणाने. आमच्या गावी गाणं व्हायचं ते वाड्यात. माझे वडील भिंतीपलीकडे, चिखलात उभं राहून ऐकायचे. उभ्या जन्मात त्यांना खुर्ची मिळाली नाही. मिळती, तर सभागृह गावाच्या मानाने मोठं आहे ही तक्रार त्यांनी खचित केली नसती.

सौ. मात्र अजून विचारते आहे, भाडं किती पडतं?