दावीदाचे मौन आणि ‘डार्लिंग्ज’

जसमीत के. रीन यांचा ‘डार्लिंग्ज’ हा हिंदी चित्रपट 2022 साली नेटफ्लिक्सवरून प्रदर्शित झाला. मुंबईतील भायखळ्यात घडणारे हे कथानक विनोदाच्या अंगाने जाते. विषय मात्र विनोदाचा नाही. धर्मगुरू व धर्मशिक्षक यांनी त्याची दखल घ्यावी, म्हणून हा परामर्श.

बद्रूचा (आलिया भट) प्रेमविवाह झाला आहे. नवरा हमजा (विजय वर्मा) रेल्वेत तिकीट तपासनीस. भातात खडा लागला एवढ्यावरून तो रात्री तिला मारतो आणि सकाळी गोड बोलून समजूत काढतो. दारू सुटेल, मूल झाले की सुधारेल, या आशेवर ती सोसत राहते. पोलिसांत गेलेले प्रकरणही त्याच्या विनवण्यांना भुलून मिटवते. पुढे तो तिला जिन्यावरून ढकलतो आणि तिचा गर्भपात होतो. तेव्हा ती आई शमशू (शेफाली शाह) हिच्या साहाय्याने त्याला घरातच बांधून घालते व माराची परतफेड मारानेच करू लागते.

येथवर ही सूडकथांची रुळलेली वाट आहे. वेगळेपण शेवटी दिसते. हमजाला रेल्वेच्या रुळांवर आणल्यावर बद्रूला उमगते की, याला मारले तर हा जन्मभर आपली पाठ सोडणार नाही. ती त्याला मोकळा करते. पण त्याच्या घरी परतत नाही. सूड सोडणे आणि मार खाण्यास परत जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे येथे लख्ख दिसते. दुर्दैवाने लगेच गाडी येते आणि हमजा तिच्याखाली सापडतो. नायिकेचे हात निर्मळ राहावेत आणि प्रेक्षकांची सूडाची तहानही भागावी, ही तडजोड मला दुबळी वाटते.

तथापि अशा कथा लोकांना का भावतात? शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातील 13वा अध्याय याचे उत्तर देतो. अम्नोनाने तामारेवर बलात्कार केला. दावीद राजा संतापला, पण त्याने केले काहीच नाही. दोन वर्षांनी अबशालोमाने अम्नोनाचा वध करविला. ज्याने न्याय करावयाचा तो गप्प बसला, म्हणजे सुरी दुसऱ्याच्या हाती जाते.

हे लिहिताना मी स्वतःला वगळीत नाही. काही वर्षांपूर्वी अंगावर वळ घेऊन आलेल्या एका भगिनीला मी क्षमेचा उपदेश करून घरी पाठविले. पुन्हा ती माझ्याकडे आली नाही. मी तिला शास्त्र सांगितले असे मला वाटले होते. वस्तुतः अर्धेच सांगितले होते. रोमकरांस पत्राच्या 12व्या अध्यायाच्या शेवटी पौल सूड देवावर सोपवावयास सांगतो. पण 13व्या अध्यायाच्या आरंभीच तो दुष्कर्म्याला शासन करणाऱ्या अधिकाऱ्याला देवाचा सेवक म्हणतो. तेव्हा अधिकाऱ्याकडे दाद मागणे म्हणजे सूड नव्हे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा 2005 चा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून अमलात आहे. त्यान्वये नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे स्त्रीसोबत जाणे हेही पाळकीय कार्यच आहे.

हमजालाही पश्चात्तापाचे द्वार बंद नाही. मात्र त्या पश्चात्तापाची कसोटी पत्नीच्या पाठीवर पाहू नये. ‘डार्लिंग्ज’ पाहून ‘सूड वाईट’ एवढेच आपण म्हणालो, तर आपणही दावीदाप्रमाणे केवळ संतापलो, असे होईल.