बर्फाच्या पेटीत काय घडते?

छत्रपती संभाजीनगरहून पुण्याकडे जाणारा रस्ता वाळूजवरून जातो. मेंदूमृत व्यक्तीचे अवयव परगावी न्यायचे असले, की रस्ता मोकळा करून रुग्णवाहिका कशी धावली याची बातमी येते. 'ग्रीन कॉरिडॉर' हा शब्द आता वाळूजच्या विद्यार्थ्यांनाही परका नाही. दात्याच्या कुटुंबाचे मोठे मन आणि पोलिसांची तत्परता अशा बातम्यांतून लोकांपर्यंत पोचते, हे चांगलेच आहे. पण त्यांतले विज्ञान बहुधा एका वाक्यात संपते: अवयव बर्फाच्या पेटीत ठेवून वेळेत पोचवला. हे वाक्य खोटे नाही, अपुरे आहे. यकृत मेदयुक्त, म्हणजे 'फॅटी लिव्हर' असेल, तर ते दिशाभूलही करते.

प्रथम थंडीचे काम पाहू. तापमान 10 अंशांनी उतरले की पेशीतील रासायनिक क्रियांचा वेग निम्मा होतो, असे ढोबळमानाने धरा. 37 अंश सेल्सियसवरून 4 अंशांपर्यंत उतरताना तो सुमारे एक-दशांश होईल. हे गणित फळ्यावर करून दाखवता येते. मात्र एक-दशांश म्हणजे शून्य नव्हे. रक्तपुरवठा थांबल्याने ऑक्सिजन मिळत नाही, तरी पेशीतील ऊर्जेचा साठा, म्हणजे एटीपी, खर्च होतच राहतो. सोडियम बाहेर टाकणारा पंप मंदावतो, सोडियमपाठोपाठ पाणी आत शिरते आणि पेशी फुगते.

म्हणून बर्फाइतकेच महत्त्व यकृतात भरल्या जाणाऱ्या द्रावणाला आहे. अवयव या द्रावणाच्या पिशवीत ठेवतात आणि ती पिशवी बर्फात ठेवतात. अवयव गोठला तर निकामी होईल. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात बेल्झर आणि साउथर्ड यांनी 1980 च्या दशकात असे एक द्रावण सिद्ध केले. पेशीत सहजी न शिरणारे लॅक्टोबायोनेट आणि रॅफिनोज त्यात आहेत. ते पाणी बाहेरच धरून ठेवतात. बटाट्याचे काप साध्या आणि मिठाच्या पाण्यात ठेवून आपण जो परासरणाचा प्रयोग करतो, त्याचेच हे तत्त्व. या द्रावणामुळे यकृत टिकवण्याची मुदत सहा-आठ तासांवरून बारा तासांच्या पुढे गेली. बातमीत रुग्णवाहिकेच्या वेगाचे कौतुक होते, द्रावणाचा उल्लेख मात्र क्वचितच असतो.

आता मेदयुक्त यकृताकडे वळू. फ्रीजमध्ये तूप थिजते तशी यकृतातील चरबी थिजते आणि ते बिघडते, ही उपमा वर्गात चटकन सुचते. तिच्यात तथ्यांश असला तरी तिच्यावर थांबणे बरे नाही. चरबीच्या मोठ्या थेंबांनी फुगलेल्या पेशी शेजारच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांना थंड करण्याच्या आधीच दाबत असतात. अशा पेशींतील तंतुकणिका दुबळ्या असतात, म्हणून एटीपीचा साठा लवकर संपतो. प्रत्यारोपणानंतर रक्त पुन्हा वाहू लागले की ऑक्सिजनची घातक रूपे तयार होतात आणि चरबीचे ऑक्सिडीकरण करतात. थोडक्यात, इजा थंडीत साचते आणि ऊब मिळताच उघड होते. तुपाच्या उपमेत ही दुसरी पायरी येतच नाही. निरोगी यकृत ज्या अवधीत तग धरते, त्याच अवधीत मेदयुक्त यकृत हरू शकते. सुमारे 30 टक्क्यांहून अधिक पेशींत मोठे थेंब असतील तर शल्यविशारद सावध होतात, 60 टक्क्यांपुढे यकृत बहुधा नाकारतात.

उलट टोकाची चूक म्हणजे 'उपाय सापडला' असा मथळा देणे. पॉलिएथिलिन ग्लायकॉल असलेल्या आयजीएल-1 या द्रावणाने लठ्ठ झुकर उंदरांची मेदयुक्त यकृते अधिक चांगली टिकली, हे खरे. पण उंदराचे यकृत म्हणजे माणसाचे नव्हे. यंत्राने 37 अंशांवर यकृतातून रक्त खेळवण्याची पद्धत अधिक पुढे गेली आहे. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम येथे नाकारलेल्या 31 यकृतांपैकी 22 यंत्रावर पारखून रोपण करण्यात आली. 2020 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मात्र त्यांपैकी 4 रुग्णांना पित्तनलिका अरुंद झाल्यामुळे पुन्हा प्रत्यारोपण करावे लागले. हा उत्तरार्ध गाळला की वार्ता सुखद होते, पण ते विज्ञान राहत नाही.

हा काटेकोरपणा शब्दच्छलासाठी नाही. मेंदूमृत्यूला मान्यता देणारा कायदा आपल्याकडे 1994 साली आला. त्यानंतरही दाते थोडेच आहेत. दुसरीकडे मेदयुक्त यकृत इतके वाढले आहे की 2021 साली केंद्र सरकारने त्याचा असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात समावेश केला. दुःखाच्या घडीला एखादे कुटुंब होकार देते आणि यकृत चरबीमुळे नाकारले जाते. अशा वेळी 'वेळेत पोचले नाही' एवढेच स्पष्टीकरण ठाऊक असलेला समाज उगाच डॉक्टरवर किंवा रुग्णवाहिकेच्या चालकावर संशय घेईल.

पुढच्या वेळी अशी बातमी वर्गात वाचली, तर मुलांना एक प्रश्न जरूर विचारा: पेटीत बर्फ होता, पण यकृतात काय भरले होते आणि यकृत मुळात कसे होते?