अवतारांची शाळा

कादंबरीकार जग उभे करतो असे आपण नेहमी म्हणतो. परंतु त्या जगातील दार वाचकाने कितीही ढकलले तरी उघडत नाही. लेखक उघडील तेव्हाच ते उघडते. बिजागरी वाचकाच्याच हाती देणारे एक जग अमेरिकेतील लिंडन लॅब या संस्थेने २००३ साली संगणकावर खुले केले. त्याचे नाव ‘सेकंड लाइफ’. खेळ म्हणून ते बाजूला सारण्याऐवजी एखाद्या ग्रंथासारखे त्याचे परीक्षण करणे इष्ट ठरेल.

येथे येणाऱ्याला एक देह मिळतो. त्याला ‘अवतार’ म्हणतात; आपलाच शब्द सातासमुद्रापार जाऊन परत आला आहे! लवकरच विद्यापीठेही आली. २००६ साली हार्वर्डचा कायद्याचा एक वर्ग येथे भरला. पण पुष्कळ संस्थांनी केले काय? आपल्याच इमारतींच्या प्रतिकृती उभारल्या. तीच सभागृहे, तीच बाके, तेच जिने. ज्या जगात माणूस उडू शकतो तेथे जिना कशाला, हा प्रश्न त्यांना पडला नाही. नव्या नाटकात जुनाच पडदा लावावा तसे हे झाले.

या जगाचा खरा गुण त्याच्या भाषेत आहे. येथील प्रत्येक वस्तूत ‘स्क्रिप्ट’ लिहिता येते. कोरी स्क्रिप्ट उघडली की तिच्यात आधीच काही ओळी असतात. त्या चालविल्या की वस्तू अवताराला ‘हॅलो’ म्हणते. तिची रचना दोन कल्पनांवर उभी आहे: अवस्था आणि घटना. दार ‘बंद’ या अवस्थेत स्वस्थ वाट पाहते. कोणी स्पर्श केला, ही घटना घडली, की ते ‘उघडे’ या अवस्थेत जाते. कथेतील पात्रेही याहून फारशी वेगळी नसतात.

मुलाने निबंधात ‘दार उघडले’ असे लिहिले तर आम्ही मास्तर मंडळी ते मनातल्या मनात उघडून घेतो. यंत्र अशी सवलत देत नाही. येथे दार फिरविले तर ते कडेवर न फिरता आपल्या मध्याभोवती गरगरते. मग युक्ती अशी, की फळी दुप्पट रुंद करावयाची आणि निम्मी कापून टाकावयाची. म्हणजे तिचा मध्य कडेला येतो आणि बिजागरी सापडते. भूमितीचा हा धडा फळ्यावर शंभरदा गिरवूनही इतका ठसणार नाही.

तथापि एक मोठे वैगुण्य नोंदवलेच पाहिजे. या जगातील जमीन भाड्याची आहे. शिक्षणसंस्थांना मिळणारी निम्म्या दराची सवलत २०११ च्या आरंभी काढून घेण्यात आली. २०१३ मध्ये ती पुन्हा मिळाली खरी, पण तोवर अनेकांनी बिऱ्हाड हलविले होते. २००७ पासून ‘ओपनसिम्युलेटर’ हे मुक्त साधन उपलब्ध आहे. त्यात आपल्याच संगणकावर असे जग उभारता येते आणि तीच भाषा बऱ्याच अंशी चालते. शाळेने घर बांधावयाचेच तर ते स्वतःच्या जागेत बांधावे.

दिवाळीत मुले दगडमातीचा किल्ला करतात. आयता किल्ला विकत आणून अंगणात मांडला तर शोभा येईल, पण मुलांचे हात स्वच्छच राहतील. आभासी जगाची परीक्षाही हीच: मुलाला तेथे नुसते बसविले की काही घडवावयास लावले? पहिल्या प्रकारची शाळा आपल्याकडे मुबलक आहे. त्यासाठी अवतार घेण्याचे कारण नाही.