बत्तीस गाणी आणि एक आकडा

मार्च 2024च्या अखेरीस सिंडी ली या नावाने ‘डायमंड ज्युबिली’ हा अल्बम आला, तेव्हा तो ना दुकानात होता ना स्पॉटिफायवर. यूट्यूबवर दोन तासांचा एक सलग व्हिडिओ होता आणि नव्वदच्या दशकातली हौशी पोरं बनवायची तसल्या अवताराची एक वेबसाइट. तिथून फाइली उतरवून घ्यायच्या आणि वाटल्यास तीस कॅनेडियन डॉलर द्यायचे, एवढाच व्यवहार. दोनेक आठवड्यांत पिचफोर्क या संगीतसमीक्षेच्या संकेतस्थळाने त्याला दहापैकी 9.1 गुण दिले. फिओना अ‍ॅपलच्या ‘फेच द बोल्ट कटर्स’ला 2020मध्ये पूर्ण दहा मिळाले होते. त्यानंतर एवढे गुण कुठल्याही नव्या अल्बमच्या वाट्याला आले नव्हते.

सिंडी ली हे पॅट्रिक फ्लेगेल यांचं रंगमंचावरचं ड्रॅग रूप. मूळ गाव कॅनडातलं कॅलगरी. ‘विमेन’ या बँडचे ते गायक-गिटारवादक. त्या बँडचे दोनच अल्बम निघाले, 2008 आणि 2010चे. दुसरा आला त्याच वर्षी व्हिक्टोरिया शहरात भर कार्यक्रमात सदस्यांची जुंपली आणि बँड मोडला. 2012मध्ये गिटारवादक ख्रिस्तोफर रायमर झोपेतच गेला. उरलेल्यांपैकी दोघांनी पुढे दुसरा बँड काढला, तो आज ‘प्रीऑक्युपेशन्स’ म्हणून ओळखला जातो. फ्लेगेल मात्र एकट्यानेच, घरगुती रेकॉर्डिंगच्या वाटेने गेले.

ही पार्श्वभूमी जवळपास प्रत्येक परीक्षणात आली आणि वेबसाइटची हकिगतही. इथेच मला खटकतं. अल्बम किती चांगला आहे हे सांगताना तो कसा आला हेच इतकं सांगितलं गेलं, की वितरणाची पद्धत हाच अल्बमचा सर्वांत मोठा गुण वाटू लागला. अल्गोरिदमला कंटाळलेल्या लोकांना शोधून काढावी लागणारी एक वस्तू मिळाली. समीक्षकांनाही मिळाली, आणि त्यांना तिची गरज अधिक होती. त्याच वर्षी जानेवारीत मालक कंपनी कॉन्डे नास्टने पिचफोर्क ‘जीक्यू’ मासिकात विलीन करण्याचं जाहीर केलं होतं, अनेकांच्या नोकऱ्या गेल्या होत्या, संगीतसमीक्षेचे मृत्युलेखही लिहून झाले होते. 9.1 या आकड्यात अल्बमचं कौतुक किती आणि ‘आम्ही अजून जिवंत आहोत’ ही आरोळी किती, याचा हिशेब कुणी मांडायचा? तो गुण खोटा होता असं मी म्हणत नाही. मीही नऊच्या आसपासच थांबलो असतो. पण माझी कारणं वेगळी आहेत.

पहिलं कारण गिटार. आधीच्या सिंडी ली अल्बमांत, 2020च्या ‘व्हॉट्स टुनाइट टू इटर्निटी’तही, हळवं गाणं चाललेलं असताना मधेच कानठळ्या बसवणारा गोंगाट अंगावर यायचा. ऐकणाऱ्याला बेसावध पकडायची ती युक्ती होती, आणि चौथ्यांदा तिची सवय व्हायची. इथे तो गोंगाट आवरलेला आहे. ‘ग्लिट्झ’मध्ये गिटारचा खरबरीत फटकारा आहे, पण वर फ्लेगेल यांचा उंच, पातळ, खोटा आवाज त्याला हुसकावत नाही, त्याच्यावर तरंगतो. साठच्या दशकातल्या अमेरिकी मुलींच्या गायनचमूंची छाया सगळीकडे आहे. मात्र ती नक्कल वाटत नाही, कारण ध्वनिमुद्रणच पलीकडच्या खोलीत लागलेल्या ट्रान्झिस्टरसारखं आहे: चाल ओळखू येते, शब्द निसटतात. ‘किंगडम कम’ ऐकताना ते मुद्दाम नीट ऐकून पाहावं.

दुसरं कारण लांबी, आणि परीक्षणं सर्वांत उणी पडली ती याच बाबतीत. जोड-अल्बमबद्दलची ठरलेली तक्रार सगळ्यांना पाठ असते: निम्मी गाणी काढली असती तर उत्तम अल्बम झाला असता. बीटल्सच्या 1968च्या पांढऱ्या अल्बमबद्दल ती आजही होते. रोलिंग स्टोन्सचा 1972चा ‘एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट’ आला तेव्हाही काहींनी नाक मुरडलं होतं, पुढे तोच त्यांचा सर्वश्रेष्ठ ठरला. हा इतिहास माहीत असल्यामुळे असेल, ‘डायमंड ज्युबिली’च्या वेळी कुणी कात्री काढायला धजावलं नाही. लांबी म्हणजे धाडस, असं समीकरण मांडून बहुतेक जण मोकळे झाले.

पण ही लांबी नेमकं करते काय? पुढे निघालेल्या सीडींवर दोन भाग आहेत, प्रत्येकात सोळा गाणी. पहिला ‘रिअलिस्टिक हेवन’वर संपतो, दुसरा ‘ट्वेंटी-फोर सेव्हन हेवन’वर. म्हणजे बेत आहे, नुसता ढीग नाही. पहिला भाग गाण्यांचा: चाली लक्षात राहतात, एकामागून एक. दुसरा भाग सैल आहे. ‘गेब्लव्हिजन’ सिंथवर नाचू पाहतं, पुढे मात्र काही तुकडे रेंगाळतात आणि एकाच संथ लयीतल्या हुंदक्यांचा पसारा होतो. ‘इफ यू हिअर मी क्राइंग’पाशी पोहोचेस्तोवर कान थकलेला असतो. ते गाणं अशा थकव्यातच जास्त लागतं, हे मान्य. पण त्याच्या आजूबाजूची दोन-तीन गाणी नसती तरी ते तितकंच लागलं असतं.

यूट्यूबच्या सलग व्हिडिओत गाणं सहजासहजी ओलांडता येत नव्हतं. बऱ्याच परीक्षणांत एकेका गाण्यापेक्षा ‘वातावरणा’बद्दल लिहिलं गेलं, त्याचं एक कारण हेही असावं. दोन तासांच्या धुक्याला गुण देणं सोपं असतं. बत्तीस गाण्यांपैकी कुठली नऊ-दहा वर्षांनंतरही आठवतील हे सांगायला पुन:पुन्हा ऐकावं लागतं.

प्रसिद्धीच्या त्या लाटेत फ्लेगेल यांनी चालू दौऱ्याचे उरलेले कार्यक्रम रद्द केले. कॅनडातल्या पोलारिस या संगीत पुरस्काराच्या अंतिम यादीत अल्बम होता, पुरस्कार जेरेमी डचर यांना मिळाला. 2025च्या सुरुवातीला तबकड्या आणि सीडी बाजारात आल्या: तीन एलपी, किंवा दोन सीडी. आता वेबसाइटची गंमत बाजूला ठेवून, मधल्या फटीसकट, एकेक बाजू उलटत तो ऐकता येतो. खरी परीक्षणं या आवृत्तीवरच व्हायला हवीत, आणि त्यांत दुसऱ्या सीडीच्या उत्तरार्धाला कुणी 9.1 देईल असं मला वाटत नाही.